नैराश्य, गोळ्या आणि चारचौघांचे शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोघांसाठी आहे: ज्याला नैराश्य आहे त्याच्यासाठी आणि त्याच्याबरोबर एका घरात राहणाऱ्यांसाठी. नैराश्यावरचे उपचार जुने, बऱ्यापैकी स्वस्त आणि भरवशाचे आहेत. ते फसतात ते बहुतेक दोन ठिकाणी. दवाखान्याची पहिली पायरी चढायलाच वर्ष-दोन वर्षं जातात, आणि पायरी चढलेला माणूस तिसऱ्या महिन्यात बरं वाटलं की गोळ्या बंद करतो. दोन्ही वेळा आड येते ती लाज. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्याकडे साधारण वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं आणि अशा नेहमीच्या मानसिक आजारांचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोचतच नाहीत.

जीव द्यावासा आत्ता वाटत असेल तर पुढचं वाचत बसू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. धोका डोळ्यांसमोर दिसत असेल तर ११२ किंवा १०८.

मन खट्टू होणं आणि नैराश्याचा आजार, फरक कसा ओळखायचा?

फरक कालावधीत आणि रोजच्या कामात दिसतो. पुढच्यांपैकी किमान पाच गोष्टी, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ, सलग दोन आठवडे असतील आणि त्यामुळे काम, घर किंवा अभ्यास अडत असेल तर तो आजार समजावा: उदास किंवा रिकामं वाटणं, कशातच गोडी न उरणं, भूक किंवा वजन कमी-जास्त होणं, झोप बिघडणं, हालचाल मंदावणं किंवा उलट अस्वस्थ येरझारा, थकवा, आपण कुचकामी आहोत, आपलंच चुकलं असं वाटत राहणं, लक्ष न लागणं, साधा निर्णयही न घेता येणं, मरणाचे विचार. या पाचांत पहिल्या दोनांपैकी एक तरी असायलाच हवी.

जवळचं माणूस गेल्यावरचं दुःख लाटांसारखं येतं. मधेच आठवण निघाली की हसूही येतं. नैराश्यात लाट ओसरत नाही, आणि दुःखाचा रोख गेलेल्या माणसाकडून स्वतःच्या नालायकपणाकडे वळतो. अर्थात दुःखातूनच आजार सुरू झाल्याचंही दिसतं, म्हणून 'कारण आहे ना, मग होणारच' एवढ्यावर थांबू नये.

मला उदास वाटत नाही. अंग दुखतं, डोकं जड असतं, झोप नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत.

आपल्याकडे नैराश्य फार वेळा शरीराच्या दारानं येतं. 'जीव घाबरा होतो', 'अन्न गोड लागत नाही', 'अशक्तपणा आहे, सलाईन लावा', 'पित्त झालंय' ही वाक्यं घेऊन माणूस चार दवाखाने फिरतो, आणि 'मन कसं आहे?' हा प्रश्न त्याला कोणीच विचारत नाही. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं आणि सकाळी सगळ्यात वाईट वाटून संध्याकाळी थोडं हलकं होणं, ही दोन चिन्हं विशेष लक्षात ठेवा. पुरुषांमध्ये रडण्याऐवजी चिडचिड आणि वाढलेली दारू दिसते. घरात त्याला 'स्वभाव बदलला' म्हणतात.

नॉर्मल रिपोर्टचा अर्थ 'तुम्हाला काही झालेलं नाही' असा नाही. मात्र काही तपासण्या खरंच कराव्यात, कारण थायरॉईड कमी पडणं, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असणं यांतही हुबेहूब असाच थकवा आणि मंदपणा येतो. टीएसएच (थायरॉईडची तपासणी), हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ एवढ्यानं सुरुवात पुरते.

मोबाईलवरच्या चाचणीवर विश्वास ठेवायचा का?

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी दवाखान्यातही वापरतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटा, वीस किंवा वर म्हणजे तीव्र. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर एकूण बेरीज कितीही असो, त्याच आठवड्यात भेट ठरवा. निदान मात्र चाचणी करत नाही. तिचा खरा उपयोग पुढे होतो: उपचार चालू असताना दर दोन आठवड्यांनी तीच यादी भरली की सुधारणा आकड्यात दिसते. नैराश्यातल्या माणसाला स्वतःची सुधारणा जाणवायला सगळ्यात उशीर लागतो, म्हणून हा आकडा जवळ असावा.

नक्की कोणाकडे जायचं?

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. गोळ्या ते लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात, गोळ्या लिहीत नाहीत; त्यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही गैर नाही. 'समुपदेशक' ही पाटी मात्र आपल्याकडे कोणीही लावू शकतो. शिक्षण विचारूनच आत जा.

खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात जा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी तिथे असते. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपर आणि उपचार मोफत आहेत. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आणि गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था यांच्याही बाह्यरुग्ण विभागात साध्या नैराश्यावर उपचार होतात. तिथे गेलं म्हणजे 'आत ठेवतात' हा समज चुकीचा आहे. बहुतेक जण गोळ्या घेऊन दुपारच्या एसटीनं घरी परततात.

पहिल्या भेटीत काय सांगू? तिथे गेलं की काही सुचत नाही.

कागदावर लिहून न्या. कधीपासून, झोप किती वाजता मोडते, वजन किती उतरलं, कोणती कामं सुटली. आणि पुढच्या पाच गोष्टी विचारल्या नाहीत तरी सांगा.

दारू किंवा तंबाखू किती. गर्भ राहण्याची शक्यता आहे का, अंगावर दूध पाजता का. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पुडीतून मिळणारी बिननावाची औषधंसुद्धा. घराण्यात मानसिक आजार किंवा आत्महत्या झाली आहे का. आणि पाचवी, सगळ्यात जास्त राहून जाणारी: आयुष्यात कधी सलग चार-पाच दिवस झोप न लागताही भरपूर उत्साह, अखंड बडबड, अवाजवी खर्च किंवा मोठमोठे बेत असं झालं होतं का? झालं असेल तर आजार द्विध्रुवी (बायपोलर, कधी नैराश्य तर कधी असा अतिउत्साह) असू शकतो. त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. हे दिवस रुग्णाला 'चांगले दिवस' वाटतात, त्यामुळे तो सांगत नाही. बरोबर आलेल्यानं सांगावं.

या गोळ्यांची सवय लागते ना? झोपेच्याच गोळ्या असतात त्या.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्यात दोन वेगळ्या गोळ्यांची गल्लत असते.

एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालीन, फ्लुओक्झेटीन या नैराश्याच्या गोळ्या. त्या नशा आणत नाहीत, त्यांचा डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या झोप आणणाऱ्या, धाकधूक कमी करणाऱ्या गटातल्या गोळ्यांची मात्र खरंच सवय लागते. पहिल्या गटाचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून डॉक्टर सुरुवातीला थोडे दिवस दुसऱ्या गटातली एक जोडीला देतात. ती दोन ते चार आठवड्यांत कमी करत बंद व्हायला हवी. घोटाळा असा होतो की तिनं पहिल्या रात्रीच झोप लागते, तीच 'खरी गोळी' वाटते, आणि माणूस महागडी, 'काहीच न करणारी' नैराश्याची गोळी सोडून जुन्या चिठ्ठीवर झोपेचीच आणत राहतो. तुमच्या चिठ्ठीत यातली कोणती कुठली आहे ते डॉक्टरांकडून समजून घ्या आणि स्ट्रिपवर पेननं लिहून ठेवा.

नैराश्याची गोळी एकदम बंद केली तर चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्नं, डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका असं होऊ शकतं. पॅरॉक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीनला जास्त, फ्लुओक्झेटीनला कमी, कारण ती शरीरात बरेच दिवस रेंगाळते. याचा अर्थ व्यसन लागलं असा नव्हे. शरीराला सावरायला वेळ हवा असतो, म्हणून डोस काही आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं उतरवतात.

सुरुवातीला त्रास वाढला. बंद करू का?

पहिल्या आठवड्यात मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, थोडी जास्त धाकधूक होते. गोळी जेवणानंतर घेतली तर पोटाचा त्रास कमी होतो. झोप उडाली तर सकाळी, पेंग आली तर रात्री घ्यायची, हा बदल डॉक्टरांना फोनवर विचारून करता येतो. बहुतेक त्रास दहा-पंधरा दिवसांत ओसरतो. लैंगिक इच्छा कमी होणं मात्र आपोआप जाईलच असं नाही. लाजेपोटी हे कोणी सांगत नाही, गोळीच बंद करतात. डॉक्टरांना सांगितलं तर डोस किंवा औषध बदलता येतं.

लगेच फोन करण्यासारख्या गोष्टी: पंचविशीच्या आतल्या रुग्णात पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली बेचैनी किंवा मरणाचे विचार, वयस्कर माणसात अचानक गोंधळ, तोल जाणं (सोडियम उतरलेलं असू शकतं), अंगावर पुरळ, झोपेविना उसळलेला उत्साह.

एखादी गोळी चुकली तर आठवल्यावर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहू द्या. दोन एकदम घेऊ नका.

किती दिवस घ्यायच्या?

पूर्ण बरं वाटू लागल्यापासून पुढे सहा ते नऊ महिने. म्हणजे पहिल्या खेपेला एकूण वर्षभर धरून चाला. दोन-तीनदा आजार उलटला असेल तर दोन वर्षं किंवा अधिक. बरं वाटतं ते गोळी चालू आहे म्हणून. प्लास्टर काढायची वेळ दुखणं थांबलं त्या दिवशी येत नाही.

गोळ्या कोणाला न कळता घेतल्या तर चालेल ना?

सगळ्या गावाला सांगायची गरज नाही. पण लपवण्याची किंमत मोजावी लागते. गोळ्या स्ट्रिपमधून काढून जीवनसत्त्वाच्या बाटलीत भरल्या की डोस चुकतात. दुसऱ्या तालुक्याच्या मेडिकलमधून आणायच्या म्हटलं की खाडे पडतात. आणि दातांच्या किंवा हाडांच्या डॉक्टरांपासून लपवल्या तर ते ट्रामाडॉलसारखं वेदनाशामक लिहून देतात, जे या गोळ्यांबरोबर धोक्याचं ठरू शकतं. रोजच्या वेदनाशामक गोळ्यांनीही पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो. घरातल्या एकाला आणि प्रत्येक डॉक्टरांना माहीत असावं, एवढं पुरे.

गोळ्यांशिवाय बरं होता येतं?

सौम्य आणि मध्यम नैराश्यात बोलण्याच्या उपचारांनी होता येतं. तीव्र असेल तर बहुधा दोन्ही लागतात. यातलं एक उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. गोव्यातल्या 'संगत' संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तिथल्याच सामान्य शिकलेल्या लोकांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांच्याकडून मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के आजाराच्या पातळीखाली आले होते. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. या बैठकांचा गाभा घरीही वापरण्यासारखा आहे.

आधी आठवडाभर वहीत लिहायचं: कोणत्या तासाला काय केलं आणि मन ० ते १० मध्ये किती. कुठे तरी दोनाचं चार झालेलं सापडतं, बहुधा आंघोळीनंतर किंवा कोणाशी चार शब्द बोलल्यावर. मग चार कामं निवडायची, दोन गरजेची, दोन पूर्वी आवडणारी, आणि त्यांचे हास्यास्पद वाटतील इतके लहान तुकडे करायचे. 'स्वयंपाकघर आवरणं' नव्हे, 'चहाची दोन भांडी विसळणं'. 'फिरायला जाणं' नव्हे, 'चपला घालून फाटकापर्यंत जाणं'. प्रत्येकाला वार आणि वेळ. ठरल्या वेळी मन असो-नसो पाच मिनिटं करायचं. त्यानंतर थांबायची मुभा.

हे तीन प्रकारे फसतं. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर चालायचं ठरतं. 'मूड आला की करीन' असं होतं. नैराश्यात क्रम उलटा असतो, आधी कृती आणि मागून मन. किंवा घरातलं कोणी तरी हवालदार होऊन वही तपासू लागतं. जमू लागल्यावर आठवड्यातून तीन ते पाच वेळा अर्धा तास भरभर चालणं हे ध्येय ठेवा.

घरच्यांनी काय बोलावं?

'मन घट्ट कर', 'तुला काय कमी आहे', 'आमच्या वेळी नव्हतं असलं काही' ही वाक्यं प्रेमानं म्हटली तरी ऐकणाऱ्याला एकच ऐकू येतं: मी कमी पडतोय. सल्ल्यापेक्षा छोटी, ठोस मदत बरी. 'काही लागलं तर सांग' याऐवजी 'मी चारला येतो, दोघं मिळून चहा घेऊ'. डॉक्टरांची वेळ तुम्हीच घ्या, कारण फोन लावणं हेच त्याला डोंगराएवढं असतं. लग्न, नोकरी, शेतजमीन यांचे मोठे निर्णय बरं वाटेपर्यंत पुढे ढकला. आणि औषध घेतो म्हणून प्रत्येक भांडणात 'आज गोळी घेतली नाहीस का?' म्हणू नका. बरा माणूसही चिडतो.

'बीपी-शुगरसारखाच आजार आहे' असं समजावण्याची हल्ली पद्धत आहे. आमच्या मते ते अर्धंच खरं आहे. बहुतेकांच्या गोळ्या एक दिवस बंद होतात, आणि सासर, कर्ज, बेकारी यांचा या आजारातला वाटा गोळीनं मिटत नाही.

'बाहेरचं' आहे, देवऋषीकडे न्या, असं म्हणतात.

देवाला नवस बोलायला किंवा वारीला जायला हरकत नाही. त्यानं आधार मिळत असेल तर जरूर. अट एकच, गोळी चुकवायची नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांशी भुताखेतावर वाद घालण्यात दिवस घालवू नका. 'तेही करू, आणि उद्या सिव्हिललाही जाऊ' यानं काम होतं.

आत्महत्येबद्दल विचारलं तर तो विचार डोक्यात भरतो का?

नाही. थेट विचारल्यानं बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. शब्द साधे ठेवा: 'जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवलंय का?' उत्तर हो आलं तर उपदेश नको, शपथा नकोत. एकटं सोडू नका. शेतातली फवारणीची औषधं आणि गोळ्यांचा साठा घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात ठेवा. ही ऊर्मी अनेकदा काही मिनिटांची असते आणि तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणं जीव वाचवतं. त्याच दिवशी डॉक्टर किंवा १४४१६.

पोलिसांच्या भीतीनं रुग्णालयात नेणं टाळू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ३०९ तर जुलै २०२४ पासून तिच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेलंच नाही.

लग्न ठरवताना सांगायचं का?

सांगावं, आणि साखरपुड्याआधी. नंतर स्ट्रिप सापडली की आजारापेक्षा फसवणूक मोठी होते. सांगताना आजाराचं नाव, कधी झाला, आता काय चालू आहे, डॉक्टर काय म्हणतात, एवढं शांतपणे सांगा. समोरच्यांना हवं तर डॉक्टरांना भेटवा. घटस्फोटाचं कारण म्हणून कायदा जो मानसिक आजार धरतो, तो एकत्र राहणं अपेक्षितच धरता येणार नाही इतका तीव्र असावा लागतो. गोळ्या घेऊन नोकरी करणारं माणूस त्यात बसत नाही. 'लग्न लावून द्या, सुधारेल' हा सल्ला मात्र दोन माणसांचं नुकसान करतो.

नोकरी आणि विमा?

तुमच्या आजाराची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर २०१७ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कोणी 'अस्थिर मनाचा' ठरत नाही. ते ठरवायचा अधिकार न्यायालयाचा. त्याच कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीनं धरावा लागतो. प्रत्यक्षात ओपीडीची फी बहुतेक पॉलिसींत बसत नाही, दाखल झाल्यावरचा खर्च बसतो. अर्जात जुना आजार लपवू नका, दावा फेटाळायला तेच कारण पुरतं.

विजेचा शॉक देतात ते?

भूल देऊन, स्नायू सैल करणारं औषध देऊनच. त्याशिवाय देण्यावर कायद्यानं बंदी आहे. जेवण सोडलेल्या किंवा जिवाच्या धोक्यात असलेल्या रुग्णाला तो सगळ्यात लवकर वाचवतो. काही दिवस विसराळूपणा येतो.

बाळंतपणानंतर सून सारखी रडते.

पहिल्या दहा-पंधरा दिवसांतलं रडू बहुतेक आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही राहिलं, बाळाबद्दल ओढ वाटेना किंवा बाळ निजूनही आईला झोप येईना, तर डॉक्टर. सर्ट्रालीनसारखी गोळी अंगावर पाजतानाही देतात. भास होत असतील किंवा बाळाला इजा करण्याचं बोलत असेल तर तेव्हाच रुग्णालय गाठा, आणि तोवर बाळ-बाळंतिणीला एकटं ठेवू नका.

पुन्हा होईल का?

पहिल्या खेपेनंतर निम्म्याच्या आसपास लोकांना पुन्हा होतं. म्हणून बरं असतानाच एक कागद करा. तुमच्या आजाराची सुरुवात कशी झाली होती ते क्रमानं लिहा: कोणाला फोन टाळणं, दाढी राहणं, पहाटेची जाग, पोळीचा तुकडा ताटात उरणं. प्रत्येकाचा क्रम वेगळा असतो, आणि दुसऱ्या वेळी तो बराचसा तसाच येतो. खाली जुन्या गोळीचं नाव, लागू पडलेला डोस आणि डॉक्टरांचा फोन. कागदाची एक प्रत घरातल्या ठरलेल्या माणसाकडे द्या, आणि पहिली दोन लक्षणं आठवडाभर टिकली तर डॉक्टरांची वेळ तो माणूस तुम्हाला न विचारता घेईल, हेही त्यावर लिहून ठेवा.